'मुदत वाढवा' कुठंय?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची नवी वेबसाइट आज पहिल्यांदा वाचकांच्या हाती दिली. पाचच जणांच्या. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांसोबत चाचणी केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात. त्या भरवशावर.

पहिल्या आल्या एक आजी. म्हटलं, "हातातलं पुस्तक आणखी आठवडाभर ठेवायचंय, तर काय कराल?" त्यांचं बोट मेनूतल्या 'सेवा'वरून तीनदा फिरलं. मी मदत करायची नाही असं ठरलेलं, ते फार जड गेलं. शेवटी म्हणाल्या, "अहो, मुदत वाढवायचं कुठंच नाही की!"

होतं. 'सेवा'च्या आत, 'नूतनीकरण' नावानं. काउंटरवर एकही वाचक हा शब्द वापरत नाही. सगळे 'मुदत वाढवा'च म्हणतात, आणि तोच शब्द आम्ही पानावर ठेवला नव्हता. मनाला लागलं ते.

स्पर्धा परीक्षेच्या एका मुलानं लेखकाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, तर शोध रिकामा! मोबाइलवर कितीतरी जण मराठी तशीच लिहितात. दोन्ही लिप्यांत शोध चाललाच पाहिजे. फिकट करडी अक्षरंही दोघांना वाचता आली नाहीत; नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, हवा, तो मोजायचाच राहिला होता.

आता मेनू नव्यानं कागदावर मांडतोय, वाचकांच्या शब्दांत. आजी शनिवारी पुन्हा येणार आहेत.