आधी गेम की आधी अ‍ॅनिमे?

‘क्लॅनाड’ या जपानी गेमचं आणि तिच्यावरच्या अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचं, नाव काढलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सवड असेल तर आधी गेम. ‘की’ या जपानी कंपनीची ही व्हिज्युअल नॉव्हेल 2004 साली आली. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, मधूनमधून निवडीचे प्रश्न. म्हणजे मुख्यतः वाचायचंच. पहिल्या आवृत्तीत पात्रांना आवाजही नव्हते. अधिकृत इंग्रजी भाषांतर 2015 मध्ये ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या साइटवर आलं, तेव्हा आपल्यासारख्यांची सोय झाली.

सगळे हिला प्रेमकथा म्हणतात आणि सुरुवात तशीच आहे. आजारपणामुळे वर्ष वाया गेलेली नागिसा शाळेच्या चढाखाली उभी असते. पाऊल उचलत नाही, म्हणून धीर यावा यासाठी स्वतःशीच आवडत्या खाऊचं नाव घेते: ‘आनपान’, म्हणजे गोड पुरण भरलेला पाव. तिथे तिला गोष्टीचा नायक तोमोया भेटतो. पण माझा जीव अडकला तो तोमोयाच्या घरात. बापाशी झालेल्या भांडणात त्याचा खांदा कायमचा दुखावलाय, बास्केटबॉल सुटलंय. तेव्हापासून बाप त्याला ‘तोमोया-कुन’ म्हणतो (‘कुन’ हे नावापुढे लावायचं जपानी संबोधन), सौजन्याने, पाहुण्याशी बोलावं तसं. आपल्याकडे बापाने पोटच्या पोराला अहो-जाहो करावं, तसं ते ऐकताना लागतं.

गेममध्ये शेवट आयता मिळत नाही. दुसऱ्यांच्या गोष्टी एकेक करून तडीस न्याव्या लागतात. कुणाचं दुःख निवलं की एक प्रकाशाचा ठिपका हाती येतो. ते सगळे जमवले तरच खरा शेवट उघडतो. त्या गावातल्या माणसांसाठी तुम्ही तास न् तास खर्च केलेले असतात, म्हणून तो शेवट तुमचा वाटतो. मालिकेला हे करताच येत नाही. तिला सगळ्या वाटा एकाच धाग्यात ओवाव्या लागतात.

सप्टेंबर 2007 मध्ये ओसामू देझाकींचा चित्रपट आला. त्यात फक्त जोडी उरली, गाव गेलं. तो सगळ्यात शेवटी बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्योटो अ‍ॅनिमेशनची मालिका सुरू झाली आणि 2008 मध्ये तिचं दुसरं पर्व, ‘आफ्टर स्टोरी’. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. त्यांनी ओवलेला धागा मला कुठेही तुटलेला दिसला नाही.

‘आफ्टर स्टोरी’चा अठरावा भाग तर गेम खेळून झाल्यावरही बघाच. फुलांचं माळरान, आणि बापाने, म्हणजे तोमोयाने, घेऊन दिलेला खेळण्यातला रोबो हरवलेली त्याची पाच वर्षांची मुलगी उशिओ. नवा घेऊ म्हटलं तरी तिला तोच हवा असतो. रडायचं तर फक्त संडासात किंवा बाबांच्या कुशीत, असं तिला आजीने शिकवलंय. बाबांची कुशी मात्र तिला आजवर मिळालेलीच नाही. ती ‘आता रडू का?’ असं विचारते, तेव्हा तोमोयाच्या चेहऱ्याकडे बघा.

आणि तिथे थांबू नका, एकोणिसावा भाग त्याच रात्री लावा. स्वतः बाप झालेला तोमोया त्यात आपल्या बापाकडे जातो.