लेकीचे लहान झालेले कपडे आवरले एकदाचे!

बाळाचे कपडे आवरायचे तर साईजप्रमाणे ढीग घाल, असं मला जिने तिने सांगितलं. 0-3 महिने, 3-6, 6-9 वगैरे. पण त्या लेबलला काही अर्थच नसतो हो, एका ब्रँडचं 6-9 दुसऱ्याच्या 3-6 एवढं निघतं आणि स्टेशनबाहेरून घेतलेल्यांवर तर लेबलच नाही. त्यात मुलं पहिल्या वर्षात वाढतात किती, जन्मताना साधारण 50 सेंमीचं बाळ वर्षाचं होईस्तोवर 75 च्या आसपास जातं, म्हणजे निम्मे कपडे नीट घालायच्या आधीच आखूड. म्हणून मी ढीग घातले ते "हे कोणाला हवंय" या हिशोबाने, आणि त्यातनं एक कळलं, कपडा जितका महाग तितकं त्याला गिऱ्हाईक कमी.

आमचं डोंबिवलीत वन बीएचके, लेक आता अडीच वर्षांची, आणि तिचं जन्मापासूनचं सगळं पलंगाच्या बॉक्समधे. पावसाळाभर बंद राहून कुबट वास मारत होतं. दिवाळीच्या आधी काढायचंच ठरवलं तर घरात लगेच चर्चा सुरू. सासूबाई म्हणाल्या, "अगं राहू दे की, अजून लागतील." आता हे "लागतील" म्हणजे काय ते सगळ्या बायकांना कळतं 😄 मी म्हटलं आई, लागले तर नवीन झबली तुम्हीच शिवा. त्या हसल्या, पण पुढचा अर्धा तास प्रत्येक कपडा हातात घेऊन "हा असू दे" चालूच होतं. नवरा मदतीला बसला आणि फोन काढून जुने फोटो बघत बसला, त्याचं तेवढंच.

सगळ्यात आधी संपली ती झबली, टोपडी, लंगोट आणि दुपटी. आमच्याकडे नवीन बाळाला पहिल्यांदा कोरं कापड घालत नाहीत, कोणाच्या तरी धडधाकट बाळाचं वापरलेलं झबलं मागून आणतात, आणि त्यात अर्थही आहे, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड त्या नाजूक कातडीला टोचत नाही. माझ्या आजीने तिच्या जुन्या सुती लुगड्याची झबली शिवली होती, पाठीवर नाड्या, शिवणी सगळ्या बाहेरच्या बाजूला म्हणजे बाळाला लागू नयेत, आणि एकाच्या गळ्याशी काजळाचा डाग जो आजतागायत गेला नाही. स्वयंपाकाच्या मावशींची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीय, तर त्यांना सगळ्यात आधी बोलावलं आणि म्हटलं, मावशी हवं ते तुम्हीच निवडा. हे मी मुद्दाम केलं कारण आपण आधी चांगलंचुंगलं बाजूला काढतो आणि उरलेलं त्यांच्या हातात कोंबतो, ते मला आवडत नाही. मावशींनी झबल्यांचा अख्खा ढीग उचलला, काजळवालं पण. चकचकीत फ्रॉक्सकडे बघून म्हणाल्या, "ताई, हे घालून पोर झोपंल का?"

द्यायच्या आधी धुण्याचंच काम मोठं. ठेवताना स्वच्छ पांढरी दिसणारी झबली बाहेर काढली तर छातीवर पिवळे डाग. दूध ओकलेलं वरवर धुतलं तरी थोडं कापडात राहतं आणि ठेवून ठेवून पिवळं पडतं. असे डाग आधी गार पाण्यात भिजवायचे, एकदम कढत पाणी घातलं की दुधाचा डाग जास्तच धरून बसतो. मग साबण चोळून ओलं असतानाच कडक उन्हात. ऑक्टोबरच्या उन्हाने निम्मे डाग असेच गेले. ज्यांचे नाही गेले त्यांची फडकी.

आणि एक कळकळीने सांगते, बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नका!! काही बाळांत जी6पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतःच कमतरता असते आणि अशा बाळाला त्या गोळ्यांतले कपडे घातले तर रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आपल्या बाळाला नसेलही, पण आपण देतोय त्या बाळाचं आपल्याला काय माहीत. मी वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवला. प्रत्येक कपड्याची बटणं पण ओढून बघितली, सैल असतील ती सरळ कापून टाकली, तोंडात गेलं म्हणजे?

आता राहिले बारशाला आणि पहिल्या वाढदिवसाला आलेले ड्रेस. जाळीचे, टिकल्यांचे, मागे मोठ्ठा बो. एकाचा तर टॅगही काढलेला नव्हता, 9-12 महिने लिहिलेलं आणि लेकीला ती साईज येईपर्यंत ऐन मे महिना, त्या उकाड्यात अस्तर लावलेला फ्रॉक कोण घालणार. बहिणीला विचारलं, नको. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं तर झबली-स्वेटर आहेत का असे मेसेज आले, फ्रॉकबद्दल चकार शब्द नाही. (बारशाला जाताय ना, तर कृपया मऊ सुती दुपटी द्या, नाहीतर सरळ पाकीट.) रोजचे टीशर्ट-पँटी बऱ्या होत्या त्या गूंज म्हणून वापरलेले कपडे गोळा करून गरजूंना देणारी संस्था आहे, तिच्यासाठी बाजूला काढल्या, अशा ठिकाणी धुतलेलं आणि पुढच्याला घालता येईल असंच द्यायचं, इलॅस्टिक गेलेलं नाही.

स्वतःसाठी एक उशीचा अभ्रा भरेल एवढंच ठेवायचं असं ठरवलेलं. त्यात बोरन्हाणाचं काळं परकर-पोलकं, आत्याने विणलेला स्वेटर, कुंची आणि आजीचं एक झबलं. सासूबाईंनी गुपचूप अजून एक टोपडं सरकवलं ते मी बघितलंय, बोलले नाही.

फॅन्सी ढीग शेवटी बोहारणीकडे. तिने ते फ्रॉक एकेक करून झटकले, उलटे केले, आणि म्हणाली लहान पोरांचं चालत नाही ताई, साडी-पँट काढा. मग नवऱ्याच्या दोन जीन्स वर टाकल्या, तो नाही नाही म्हणत असताना, आणि बरीच घासाघीस होऊन चहाची गाळणी मिळाली. ती पण जीन्सवर, फ्रॉक नुसते फुकटात गेले.