व्याख्यानमालेच्या डीव्हीडी वाचवताना

मी ज्या सार्वजनिक ग्रंथालयात संगणकाचे काम पाहतो, तेथे दरवर्षी उन्हाळ्यात व्याख्यानमाला होते आणि तिच्या अनेक वर्षांचे चित्रीकरण डीव्हीडीवर आहे. चित्रीकरण करणाऱ्यांनी मूळ टेप पुढच्या कार्यक्रमांसाठी पुन्हा वापरल्या, त्यामुळे कपाटातली प्रत्येक डीव्हीडी ही त्या व्याख्यानाची एकमेव प्रत आहे. अशा रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीत मजकूर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर लेसरने नोंदवलेला असतो आणि उष्णता, उजेड व दमट हवा यांनी तो थर वर्षांगणिक खराब होत जातो. म्हणून सगळा संग्रह संगणकावर घेण्याचा ठराव कार्यकारिणीने केला; सॉफ्टवेअर कोणते वापरायचे, हे मी ठरवायचे होते.

चाचणीसाठी मी मुद्दाम सर्वांत वाईट स्थितीतली डीव्हीडी घेतली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्याचे ते नदीच्या पुरावरचे व्याख्यान होते. ते गृहस्थ आता हयात नाहीत, आणि व्याख्यानानंतर शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे अन्यत्र कुठेही नोंदलेली नाहीत. डीव्हीडीवर नोंद आतून बाहेर होत जाते, त्यामुळे भरलेल्या डीव्हीडीवर कार्यक्रमाचा शेवट नेमका बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटांचे ठसे व ओरखडे यांचा मारही त्याच कडेला जास्त बसतो. म्हणजे प्रश्नोत्तरेच सर्वांत धोक्यात होती.

विंडोजमधून फोल्डरची सरळ नक्कल करून पाहिली, तर शेवटच्या व्हीओबी फाइलवर (डीव्हीडीवरचे चित्र व आवाज अशा फाइलींत असतात) ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ची, म्हणजे मजकूर नीट वाचता न आल्याची, सूचना येऊन काम थांबले. मग डीव्हीडीची एमपी-फोर फाइल करून देणारे एक सॉफ्टवेअर चालवले. ते शेवटपर्यंत गेले आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश त्याने दाखवला. शेजारी बसलेल्या कार्यवाहताई म्हणाल्या, “झालं की हो सर, मग अडचण कुठे आहे?” मी डीव्हीडीच्या मूळ माहितीतली लांबी त्यांना दाखवली : १ तास ५२ मिनिटे. तयार झालेली फाइल १ तास ३४ मिनिटांची होती. प्रश्नोत्तरे जवळजवळ पूर्ण गेली होती आणि तसा एक शब्दही पडद्यावर आला नव्हता. ताईंनी ते आकडे स्वतः पुन्हा वाचून पाहिले आणि कपाटातल्या बाकीच्या डीव्हीडींकडे नजर टाकली. माझी निवड खरे तर त्या क्षणीच झाली : खराब जागा आली की जे सॉफ्टवेअर ती जागा नेमकी कोणती हे सांगेल, तेच आमच्या कामाचे.

रूपांतराला माझा आणखी एक आक्षेप होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे असते, आणि कॅमेऱ्यावर घेतलेल्या चित्रीकरणात बहुधा प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत नोंदलेली असते. एमपी-फोर करताना हे भाग बहुधा एकत्र केले जातात आणि चित्र पुन्हा दाबले जाते. त्यात जे जाते ते परत मिळत नाही. मेकएमकेव्ही हे दुसरे सॉफ्टवेअर चित्र पुन्हा न दाबता जसेच्या तसे उचलते, हा त्याचा मोठा गुण आहे, पण डीव्हीडीवरचा मेन्यू त्यात येत नाही, आणि आमच्या कित्येक डीव्हीडींवर वक्त्याचे नाव व तारीख फक्त मेन्यूतच आहे. संपूर्ण डीव्हीडीची हुबेहूब प्रतिमा, म्हणजे आयएसओ, हाती असली, तर एमपी-फोर केव्हाही करता येते. उलटा प्रवास होत नाही.

म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून मी डीडीरेस्क्यू चालवले. हे मोफत सॉफ्टवेअर दिसायला रुक्ष आहे, पडद्यावर आकड्यांखेरीज काही नसते, पण त्याची कामाची रीत मला मनापासून पटली. आधी ते सुस्थितीतला भाग भराभर उचलून घेते, अडले की पुढे सरकते, आणि सगळे चांगले हाती आल्यावरच अवघड जागांकडे परत येते. मुख्य म्हणजे ते एक नकाशा-फाइल लिहीत जाते : वाचलेल्या भागापुढे अधिकचे चिन्ह, वाचता न आलेल्या सेक्टरांपुढे (सेक्टर म्हणजे डीव्हीडीवरचा मजकुराचा छोटा ठरावीक तुकडा) वजाचे, आणि जेथे अजून प्रयत्नच झाला नाही तेथे प्रश्नचिन्ह. हा नकाशा असल्यामुळे काम मध्येच थांबवता येते, आणि तीच डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त उरलेल्या जागा वाचायला लावता येतात.

आम्ही तेच केले. लॅपटॉपच्या ड्राइव्हने बाहेरच्या कडेचा मोठा पट्टा सोडला होता. तीच डीव्हीडी जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये घातली आणि वजाची चिन्हे एकेक करून कमी होत गेली. प्रत्येक ड्राइव्हची लेसर आणि चूक सुधारण्याची क्षमता सारखी नसते, त्यामुळे एकाला न जमलेले दुसऱ्याला जमते. शेवटी ६ सेक्टर राहिले. सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे एकूण १२ केबी. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ उघडली, तेव्हा एका ठिकाणी चित्रात क्षणभर चौकोन उमटले आणि पुढे ते अभियंते धरणाच्या दरवाजांविषयी एका शेतकऱ्याला सविस्तर उत्तर देताना ऐकू आले. कार्यवाहताईंनी ते उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणालाही मध्ये बोलू दिले नाही.

ग्रंथालयात विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडीही आहेत, परंतु त्या या कामात घेतल्या नाहीत. त्यांच्यावर बहुधा सीएसएस हे कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण भेदणे हा २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे. त्या वादात संस्थेने पडू नये, असे माझे स्पष्ट मत मी लेखी दिले. शिवाय ते चित्रपट इतरत्र मिळू शकतात, आमची व्याख्याने मिळणार नाहीत.

आता प्रत्येक डीव्हीडीमागे आयएसओ, नकाशा-फाइल आणि एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल पुढे बदलली किंवा बिघडली तर ओळखू यावी म्हणून तिच्यावरून काढलेली खूण) अशा तीन गोष्टी ठेवतो. ४.७ जीबीच्या हिशेबाने १ टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेहून अधिक डीव्हीडी मावतात, म्हणून दोन हार्ड डिस्क घेतल्या असून त्यांतली एक ग्रंथालयाबाहेर, अध्यक्षांच्या घरी असते. रेकॉर्डरने ‘फायनलाइज’ न केल्यामुळे, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून नोंद शेवटी पूर्ण करून बंद न केल्यामुळे, संगणकाला कोऱ्या वाटणाऱ्या काही डीव्हीडी निघाल्या आहेत; त्यांच्यासाठी अशा डीव्हीडी वाचू शकणारे आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर वापरतो. डीव्हीडी मात्र एकही टाकून दिलेली नाही, कारण ज्यांच्या नकाशात वजाची चिन्हे उरली आहेत, त्या पुढे एखादा वेगळा ड्राइव्ह मिळाला की पुन्हा लावून पाहायच्या आहेत.