वरच्या मजल्यावरचा पिंट्या

आमच्या धरमपेठेतल्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोराने फेरेट पाळलाय. नाव पिंट्या. पोरगा कामाने बाहेरगावी गेला की पिंट्या माझ्याकडे. बाल्कनीत दिसला की समोरच्या मावशी विचारतातच, "मुंगूस पोसलं काय जी?"

नाही हो. मुंगूस पाळायला कायद्याने बंदी आहे. हा पाणमांजराच्या कुळातला, युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाळवलेला. दोन हजार वर्षांपासून लोक बिळातले ससे हुसकायला याला सोडत आलेत. त्यामुळे भोक दिसलं की डोकं घालणारच, आणि डोकं गेलं की मागोमाग अख्खा पिंट्या. मोरीच्या तोंडावर मी वीट ठेवते.

रीलमध्ये दाखवतात ते खोटं नाही. खुशीत आला की पाठीची कमान करून आडव्यातिडव्या उड्या मारतो, डुक-डुक आवाज काढतो, दारावर आपटतो आणि पुन्हा सुरू. पण रील अर्ध्या मिनिटाची. दिवसाचे १४ ते १८ तास हे ध्यान झोपलेलं असतं. झोपही कशी? एकदा दिवाणाखालून उचलला तर ओल्या टॉवेलसारखा हातात लोंबला. हाक मारली, हलवलं, काही नाही. माझे हातपाय गार! पोराला फोन केला तर हसतोय. "काकू, नाकाशी चिकन धरा." धरलं. आधी नाक हललं, मग एक डोळा उघडला.

चिकन म्हणजे आमच्याकडे पंचाईतच, सासूबाई माळकरी. पण वरणभात, पोळी, दूध, फळं यातलं याला काही चालत नाही. निव्वळ मांसाहारी. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, म्हणून थोडं थोडं सारखं द्यावं लागतं. शेवटी सासूबाईंनीच त्याची ताटली, सुरी, डबा सगळं जिन्याखाली हलवलं. वासही येतो बरं का. घासून आंघोळ घातली तर कातडी आणखी तेल सोडते आणि वास वाढतो.

खरी अडचण आपल्या नागपूरची. पारा २७ च्या वर गेला की फेरेट कासावीस होतो, ३२ च्या पुढे उष्माघाताची भीती. घामाने अंग थंड करणं याला जमत नाही. आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५! कूलरच्या भरवशावर राहूच नका, एसीच पाहिजे. लाईट गेली तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायची. आमच्या फ्रीजरमध्ये दोन कायम असतात, कुल्फीला जागा नाही.

डिस्टेंपरची लस चुकवू नका. कुत्र्यांचा हा आजार फेरेटला झाला तर तो बहुतेक वाचत नाही, आणि आपल्या गल्लीत कुत्री किती ते सांगायला नको. माणसाचा फ्लूसुद्धा याला होतो. १९३३ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो फेरेटवरच्या प्रयोगांतून. मला ताप-खोकला असला की पिंट्याला खाली आणायचं नाही, असं ठरलेलं आहे.

आता पोराला जोडीला मादी आणायचीय. मी म्हटलं, नसबंदी झालेलीच आण. मादी माजावर आली आणि नराशी जमली नाही, तर माज उतरतच नाही. शरीरातलं इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढत जातं, रक्त तयार होणं थांबतं आणि ती मरते. आणि दुसऱ्या पिंजऱ्याला एसीची खोली कोणाची, तेही आधी ठरव म्हटलं. माझ्या खोलीत आता जागा नाही.