पिकअप देऊन जुनी स्कॉर्पिओ? आठवडाभराच्या नोंदी

रविवार

प्रश्न एका ओळीत मावतो. दारात बोलेरो पिकअप आहे, सात वर्षांची, रनिंग ८० हजार. समोर डिझेल स्कॉर्पिओ, २०१७ची, पहिल्याच मालकाची, रनिंग १ लाख ६० हजार. अदलाबदल करायची आणि वर थोडे पैसे मोजायचे. कुणालाही विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं: दुप्पट रनिंगची गाडी कशाला घेता?

मीटर किलोमीटर मोजतं, इंजिन मात्र तासांनी झिजतं. स्कॉर्पिओ हायवेवर सरासरी ६०ने पळाली असेल तर १ लाख ६० हजार किलोमीटर म्हणजे साधारण २,६७० तास. पिकअप शिवाररस्त्याने, बाजार समितीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून, माल भरून पहिल्या-दुसऱ्या गिअरला चालली. तिची सरासरी २० धरली तर ८० हजार म्हणजे ४,००० तास. वर ओझं वेगळंच. पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या), क्लच, मागच्या अॅक्सलचा हाउसिंग, सगळ्यांनी ते सोसलंय. या हिशेबाने कमी रनिंगची गाडीच जास्त थकलेली निघते.

अट एकच, ते ६० खरं असलं पाहिजे. ते कसं ओळखायचं ते बुधवारी लिहितो. त्याआधी घरचा हिशेब.

सोमवार

पिकअपचा हौदा, म्हणजे मागची माल भरायची जागा, वर्षातून किती दिवस लागतो? हे कुणी मोजत नाही. ‘लागतोच की’ म्हणतात आणि विषय संपतो. खरं उत्तर डिझेलच्या पावत्यांत आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्यांत असतं.

उभी पिकअपही पैसे खाते. मालवाहू गाडी, एकूण वजन साडेसात टनांच्या आत, म्हणजे जून २०२२च्या दरपत्रकाने थर्ड पार्टीचा हप्ता १६,०४९ रुपये. १,५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला तोच ७,८९७. दोन्हींवर जीएसटी वेगळा. शिवाय पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी: पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा, पुढे दरवर्षी. म्हणजे ही गाडी पुढच्याच वर्षी दरवर्षीच्या फेऱ्यात जाणार.

समजा पूर्ण विमा ३० हजार, पासिंग आणि कर ८ हजार, सर्व्हिसिंग, बॅटरी, टायर मिळून २० हजार आणि किमतीतली वार्षिक घट ३० हजार. झाले ८८ हजार. आता एका फेरीला भाड्याची गाडी २,२०० घेते असं धरू. इथे बहुतेक जण ८८ हजाराला २,२०० ने भागतात आणि ४० फेऱ्या म्हणून मोकळे होतात. पण स्वतःच्या गाडीतही डिझेल पडतंच, समजा ७०० रुपयांचं. खरा फरक १,५००चा. त्याने भागलं की ५८-५९ फेऱ्या येतात. त्याच्या खाली असाल तर हौदा हौसेचा.

दुसरी बाजूही लिहायला हवी. कांदा-टोमॅटोच्या हंगामात सगळ्यांना एकाच दिवशी गाडी लागते. भाडं ३,००० झालं की फरक २,३०० होतो आणि आकडा ३८वर येतो. शिवाय लिलावाच्या आदल्या रात्री गाडीवाला फोन उचलेल याची खात्री कुणी देत नाही. म्हणून ३८च्या खाली असाल तर पिकअप द्या, ५९च्या वर असाल तर हा विषयच काढू नका. मधल्यांनी हंगामाचे दिवस वेगळे मोजावेत.

पुढे ‘स्कॉर्पिओतही माल जातो की’ हा युक्तिवाद येतो. सात माणसं ७५ किलोंनी धरली तर ५२५ किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणजे अकरा गोण्या झाल्या आणि ड्रायव्हर अजून बाहेरच उभा. पिकअप १,३०० ते १,७०० किलो उचलते. शिवाय खताची पूड कार्पेटखाली गेली की ओल धरते आणि पत्रा खाते. सीट पाडून दोन-चार गोण्या आणणं वेगळं. रोजचा धंदा त्यावर चालत नाही.

उलट बाजूने, हौद्यात माणसं बसवून लग्नाला जायचे दिवसही सोडायला हवेत. माणसं वाहण्याची परवानगी मालवाहू गाडीला नसते आणि अपघात झाला की विम्याचा वाद तिथूनच सुरू होतो. घरात पाच माणसं आणि केबिनमध्ये जागा दोघा-तिघांची, हे स्कॉर्पिओच्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण आहे. मायलेज त्या मानाने किरकोळ.

(बोलेरो कॅम्परचाही, म्हणजे दोन रांगांच्या केबिनच्या पिकअपचाही, विचार झाला. पाच जण आणि हजार किलोच्या आसपास माल. पण पाटे तसेच, पिवळी पाटी तशीच, हप्ताही तोच.)

बुधवार

गाडी बघायला सकाळी सातला जायचं. मालकाला आदल्या दिवशी सांगायचं की स्टार्टर मारू नका. पोहोचल्यावर पहिलं काम, बॉनेटवर तळहात. कोमट लागला तर चहा घेऊन परत यायचं, कारण गरम इंजिन सगळे आजार लपवतं.

थंड इंजिन सुरू करताना एक माणूस सायलेन्सरपाशी हवा. पहिल्या क्षणी हलका धूर चालतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅसकेटचा संशय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा टर्बोचं सील. अॅक्सिलरेटर मारल्यावर काळा लोट आला तर इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा फाटलेला इंटरकूलरचा होज. यात होज शेकड्या-हजारांत सुटतो, इंजेक्टर चार असतात आणि खर्च पाच आकड्यांत जातो. म्हणून ‘थोडा धूर आहे, सर्व्हिसिंगने जाईल’ हे वाक्य ऐकून घ्यायचं आणि किंमत मात्र इंजेक्टर धरून बोलायची.

मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवायचं. जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. धक्क्याने उडालं आणि भोकातून वाफेचा झोत येत राहिला तर गॅरेजवाले ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, रिंगांवरून खाली निसटणारा दाब. तिथेच व्यवहार थांबवायचा. इंजिन काम निघालं की स्वस्तात मिळालेलं सगळं परत जातं. कूलंटची बाटली इंजिन थंड असतानाच उघडून बघायची. आत साध्या पाण्याचा गंज किंवा तेलाची साय दिसली तर कुणीतरी उन्हाळे ढकललेले आहेत.

स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला टायमिंग चेन आहे. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड राहिली तर चेन ताणून धरणारा टेन्शनर तपासायचा. जुन्या अडीच लिटर इनोव्हाला बेल्ट असतो, आणि तो लाख-दीड लाखाच्या दरम्यान बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

चालवताना चौथ्या गिअरला ४०च्या वेगाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएम चढतो आणि वेग मागे राहतो, तर क्लच प्लेट घसरतेय. अॅक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना खालून ‘टक’ येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. ५०च्या पुढे गुणगुण सुरू होऊन वळणावर बदलत असेल तर व्हील बेअरिंग. बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअप या रनिंगला गेलेलेच असणार. त्यावर नाराज व्हायचं नाही, फक्त रक्कम वजा करायची.

आता ते ६०चं. हायवेची गाडी पुढून ओळखू येते: बॉनेटच्या कडेवर खड्यांचे बारीक टवके, आणि काचेवर सूर्य समोर घेतला की सुईच्या टोकासारखे ठिपके. तिच्या क्लच पेडलचं रबर मात्र जाड राहिलेलं असतं. शहरात फिरलेल्या गाडीचं उलटं, बॉनेट गुळगुळीत आणि पेडलचे खाचे पुसलेले. सर्व्हिसच्या नोंदींत दरवर्षी १८ ते २२ हजार सलग दिसले पाहिजेत. एखाद्या वर्षी आकडा मागे गेला किंवा दोन वर्षं नोंदच नसेल तर तिथे मीटरला हात लागलाय. आठ वर्षांच्या डिझेल गाडीवर ६२ हजार दिसलं की जास्त संशय घ्यावा. १ लाख ६० हजार दाखवणाऱ्याने बहुधा काही लपवलेलं नसतं.

टायरवरचे शेवटचे चार अंक वाचायचे. ३२२३ म्हणजे २०२३चा ३२वा आठवडा. स्टेपनीचे अंकही बघायचे, ती बहुधा पहिलीच असते.

आणि सीटबेल्ट. मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. टोकाला मातीची रेघ असेल तर गाडी पाण्यात होती. २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१च्या जुलैत चिपळूण-महाड, त्या पुरांतल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या गेल्याच. सीटच्या रुळाखालचा गाळ आणि हेडलाइटच्या आतली धूळ धुण्यात जात नाही. कोकणातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवून चेसिसचे जोड टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचायचे. आवाज ‘टणक’ आला पाहिजे.

शुक्रवार

अदलाबदलीत दोन व्यवहार असतात आणि बोलणी एका आकड्यात होते. इथेच माणूस फसतो. ‘वर दीड लाख द्या’ म्हटलं की पिकअप कितीला गेली आणि स्कॉर्पिओ कितीला आली ते कळत नाही. दोन्ही किमती वेगळ्या कागदावर मागायच्या. गावातल्या दोन खरेदीदारांकडून पिकअपचा रोख भाव आधीच काढून ठेवायचा. पिकअपला गिऱ्हाईक तिच्या गावातच मिळतं. शहरातल्या डीलरला ती कुणाला तरी पुढे विकावी लागते, तो तोटा तो तुमच्या भावातून काढतो.

कागदांचं थोडक्यात. पिकअप विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. दुसऱ्या आरटीओला जात असेल तर तिथल्या एनओसीसाठी फॉर्म २८. सही करून कोरे फॉर्म एजंटाकडे ठेवायचे नाहीत. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ला नवीनकुमार प्रकरणात स्पष्ट केलंय. मान्यताप्राप्त डीलर असेल तर फॉर्म २९सीने ताबा दिल्याची नोंद पोर्टलवर करून घ्यायची.

पिकअपवर साठलेला एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) स्कॉर्पिओला मिळत नाही. तो त्याच वर्गातल्या गाडीला लागू होतो, मालवाहूचा खासगीला नाही. हिशेबात तो धरलेला असतो आणि पॉलिसी हातात आल्यावर कळतं. स्कॉर्पिओ नावावर झाली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं, नाहीतर स्वतःच्या गाडीचं नुकसान मागताना अडतं. चलनं परिवहनच्या पोर्टलवर बघायची. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागली आहे का तेही.

दिल्ली-हरियाणा पासिंगची तीच गाडी लाखभराने स्वस्त दिसेल. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, म्हणून ती इकडे येते. पण एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. स्वस्ताईचा मोठा भाग त्यातच जातो आणि गाडी महिनाभर उभी राहते.

शनिवार

पावत्या मोजल्या. वर्षात ३४ फेऱ्या, त्यातल्या २१ हंगामातल्या. म्हणजे पिकअप जाते, पण गावात, रोखीने, आणि हंगाम संपल्यावर. स्कॉर्पिओच्या किमतीच्या १५ टक्के बाजूला ठेवायचे: टायर, क्लच, बुश, सगळी ऑइलं आणि बॅटरी पहिल्या सहा महिन्यांतच लागणार असं धरून. ती रक्कम उरत नसेल तर ही गाडी परवडत नाही, मग त्याहून लहान गाडी बघायची.

टोकन पाच हजारांच्या वर नाही. पावतीवर चेसिस नंबर, मीटरचा आकडा, आणि ‘गॅरेजमध्ये लिफ्टवर तपासून पसंत पडल्यास’ हे तीन शब्दशः लिहून घ्यायचे.