ऑर्डर कुणाची होती, एवढंच सांगा

कुठल्याही मोर्चावर पोलिसांची लाठी चालली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते पोलिसांनी बरोबर केलं, ट्रॅफिक अडवतात म्हणजे काय, आणि दुसरी म्हणते थांबा, निवडणुकीत बघून घेऊ. मला खरं तर दुसऱ्या पार्टीचा जास्त राग येतो, कारण हे "बघून घेऊ" आपण कधी नीट बघितलेलंच नाहीये.

जालन्यातली अंतरवाली सराटी घ्या ना. १ सप्टेंबर २०२३, मराठा आरक्षणासाठी उपोषण चालू होतं तिथे लाठीचार्ज झाला, बायका म्हातारी माणसं सगळे त्यात. बोंब झाल्यावर तिथल्या एसपींना सक्तीच्या रजेवर पाठवलं, गृहमंत्री फडणवीसांनी माफी मागितली. २०२४ च्या लोकसभेला जालन्यात पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे पडले आणि सगळे म्हणायला लागले बघा, लोक विसरत नाहीत. मग सहाच महिन्यांत विधानसभा आली आणि महायुती २८८ पैकी २३० च्या घरात! फडणवीस मुख्यमंत्री झाले, गृहखातं पुन्हा त्यांच्याकडेच.

म्हणजे लोक विसरले का? मला नाही वाटत. मत एकच असतं हो, त्यात लाडकी बहीण पण बसवायची, सोयाबीनचा भाव पण, जात पण, उमेदवार कामाचा आहे का ते पण, आणि उरलेल्या जागेत लाठीचार्ज. ईव्हीएमवर लाठीचं वेगळं बटण नसतं.

आणि सरकार पडलं तरी हिशोब होतोच असं पण नाही. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त. आदिवासी विकासमंत्री पिचडांनी राजीनामा दिला, पुढच्याच वर्षी काँग्रेस सरकार गेलं आणि युती आली. चौकशी आयोगानं मात्र कुणालाच दोषी धरलं नाही. बरं, आलेल्या युतीच्या काळात काय झालं, तर ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि एसआरपीच्या (राज्य राखीव पोलीस दलाच्या) गोळीबारात १० जण मेले. १९९९ ला युती पण गेली (फक्त रमाबाईमुळे गेली असं मी म्हणणार नाही, थाप होईल ती). ज्या फौजदारानं गोळीबार करायला लावला त्याला शिक्षा लागायला २००९ उजाडलं. दोन्ही बाजूंना आलटून पालटून विरोधात बसवून झालं आपलं, आणि दोघांनीही विरोधात असताना "आदेश कुणी दिला" म्हणून घसा फोडला, आणि गृहखातं हातात आल्यावर तोच प्रश्न कुठल्या कपाटात ठेवला देव जाणे.

आमच्या भाचीला मागे एका आंदोलनातून उचललं होतं. मारलं वगैरे नाही, हे आधीच सांगतो. व्हॅनमध्ये घातलं, फोन काढून घेतले, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं, कागद काही नाही. तिथल्या कॉन्स्टेबल मॅडमनी तिला चहा पाजला, घरी कोण कोण असतं विचारलं, आणि ही म्हणाली मॅडम आम्हाला कशासाठी आणलंय तर मॅडम म्हणाल्या, "बाळा आम्हाला पण वरून फोन येतो गं." मला त्या मॅडमचा राग येत नाही. त्या बारा बारा तास बंदोबस्तात उभ्या, सुट्टी रद्द, घर पोलीस लाइनीत, छप्पर गळतंय. पण तो फोन कुणी केला? ते नाव कुठेतरी लिहिलेलं असायला पाहिजे की नको?

आरेचं तर काय बोलायचं. ऑक्टोबर २०१९, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडू नका म्हणणाऱ्या याचिका हायकोर्टानं फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू. १४४ म्हणजे जमावबंदी लावली, २९ जणांना अटक, त्यात कॉलेजची पोरं, सुप्रीम कोर्टानं ७ तारखेला थांबवेपर्यंत २,१४१ झाडं आडवी. दोन आठवड्यांनी विधानसभेचं मतदान होतं! नंतर सरकार बदललं, पण ते मतदारांनी नाही, युती तुटली म्हणून बदललं. नव्या सरकारनं केसेस मागे घेतो म्हटलं, चांगलं केलं. पण रात्री झाडं तोडायला बंदोबस्त द्या हे कुणी ठरवलं ते यांनी पण नाही विचारलं. आता तीच मेट्रो आरेतून निघते आणि हुतात्मा चौकाला थांबते, मी पण जातो तिनंच, गारेगार आहे, तक्रार नाही.

हुतात्मा चौकावरून आठवलं, एकदाच आपण हे बऱ्यापैकी जमवलं होतं. १९५५-५६ ला मोरारजींच्या सरकारच्या गोळीबारात माणसं पडली, १०६ म्हणतो आपण, आणि १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. तेव्हा राग मतपेटीपर्यंत नेणारे होते, अत्रे होते, डांगे होते, गोळीबार कुणाच्या राज्यात झाला ते सभेसभेत नाव घेऊन सांगत होते. तरी राज्य मिळायला १९६० उजाडलं.

आता आंदोलन करायचं तर आझाद मैदान, तिथे पण २०२५ च्या नियमांनी सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आणि माणसं ५,००० पर्यंत. पोलिसांविरुद्ध तक्रार करायला राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं, आमच्या ग्रुपवर विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं, आणि त्यात दोन वकील आहेत.

मागे एक उमेदवार मतं मागायला आले होते तर भाचीनं विचारलं, तुमचं सरकार आलं तर लाठीचार्जची लेखी ऑर्डर, सही कुणाची ते, आठवड्यात लोकांना दाखवाल का? साहेब हसले, म्हणाले ताई, आधी पाण्याच्या प्रेशरचं बोलू. आणि खरं सांगतो, मागच्या चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाण्याचं प्रेशर खरंच बेकार आहे आमच्याकडे.