तुम्ही विचारलंत म्हणून: वहीतले आकडे खोटे होते, तरी मी डॉक्टरांना फोन का केला नाही

चर्चासत्रात हा प्रसंग सांगितला की पहिला हात वर जातो तो एखाद्या डॉक्टरांचा. मग विद्यार्थी विचारतात. घरी भाऊ विचारतो, तोही जेवताना. प्रश्न तोच असतो. बीपीची वही मनानं भरलेली आहे हे तुम्हाला दिसलं होतं, त्या वहीवर माणसाच्या गोळ्या ठरत होत्या, मग त्याच दिवशी डॉक्टरांना का कळवलं नाहीत? मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की ते पोहोचलेलं नाही. म्हणून आता सगळं लिहिते.

मी विद्यापीठात शिकवते. बीपीचं मशीन, रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर, औषधाची वाफ देणारा नेब्युलायझर ही उपकरणं घरात आल्यावर माणसं त्यांच्याशी कशी वागतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. ‘लोकांना साधं मशीन वापरता येत नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकवत नाही. कुठलं मशीन साधं असतं? ‘एक, दोन, तीन इतकं सोपं’ अशी जाहिरात असलेला एक ग्लुकोमीटर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी पायरी-पायरीनं तपासला आणि २००१ साली निष्कर्ष छापले. तीनच्या जागी बारीकसारीक धरून ५२ कृती निघाल्या. बीपीच्या मशीनला तर एकच बटण असतं. पण ते दाबण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या पातळीवर, तोंड बंद. हे सगळं कुणीतरी करवून घ्यावं लागतं. ते ‘कुणीतरी’ बहुतेक घरांत बाईमाणूस असतं आणि मशीनच्या माहितीपुस्तिकेत तिचा पत्ताच नसतो.

सातारा जिल्ह्यातलं घर. काका निवृत्त, पॅरालिसिसचा हलका झटका येऊन गेलेला. मुलानं पुण्याहून मशीन पाठवलेलं, ते फ्रिजवर क्रोशाच्या रुमालाखाली असायचं. रोज रात्री मुलाचा फोन यायचा, “आज वरचं किती, खालचं किती?” त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवल्या ठेवल्या काकूंनी पट्टा बांधला, शर्टाची बाही दंडावर गुंडाळून. काका पेपरातली बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवत होते, ते वाचतच राहिले. मी हे सगळं टिपून घेत होते. पट्ट्यातली हवा सुटली तशी काकूंनी मशीन स्वतःकडे वळवलं. मी त्यांच्या मागे उभी होते, मला १७२ दिसलं. त्या म्हणाल्या, “एकशे तीस,” आणि वहीत १३०/८० लिहिलं. काकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

नंतर मी वही मागून घेतली. १३०/८०, १२०/८०, १३०/८०. पानंच्या पानं, सगळे आकडे शून्यावर संपणारे. पाऱ्याच्या यंत्रावर बीपी बघणारा माणूस जवळच्या शून्यावर आकडा आणतो, ही खोड जुनी आहे. डिजिटल मशीन तसं करत नाही, त्यावर १६८ येतं, ९७ येतं. मेमरीचं बटण दाबलं तर तसेच आकडे एकामागून एक निघाले, १६८/९७, १७१/९४, १६४/९९. मशीनचं घड्याळ कुणी कधी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे ऐन पावसाळ्यात त्यावर जानेवारीची तारीख होती.

काकू स्वयंपाकघरात होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विषय काढला. “तुम्ही बघितलंत, मला कळलं. मॅडम, ह्यांना खरं सांगितलं की हे रात्रभर झोपत नाहीत. झोपले नाहीत की सकाळी आणखी चढतं. मग पहिलं बोलणं मलाच, भाजीत मीठ जास्त घातलंस. मुलगा तिकडून फोनवर रागावतो ते वेगळंच. एकशे तीस म्हटलं की घर शांत राहतं.”

यावर तुम्ही काय म्हणाला असता?

मी म्हणाले की डॉक्टरांना खरे आकडे कळायलाच हवेत आणि ते तुम्हीच सांगा. फोन मी केला नाही. आधी माझं समर्थन. घरात जे दिसेल ते ओळख पटेल अशा रीतीनं बाहेर जाणार नाही, असं लिहून देऊन मी त्या उंबऱ्याच्या आत गेले होते. जिवाला तातडीचा धोका असेल तर त्याला अपवाद आहे. १८०/१२० च्या पुढे गेलं आणि छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, तर मी स्वतः गाडी काढून त्यांना दवाखान्यात नेलं असतं. १७२ एका रात्रीत घात करत नाही, महिन्या-वर्षांत करतो. म्हणजे काकूंना चार दिवस द्यायला वाव होता. शिवाय परस्पर फोन केला असता तर त्या घरात मी नवरा, मुलगा आणि डॉक्टर यांच्यानंतरची चौथी तपासनीस झाले असते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर झटका येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे समर्थन लंगडं पडतं. ते चार दिवस काकांच्या खात्यातून गेले, माझ्या नव्हे.

काकूंनी दुसरी वही केली. खरे आकडे तीत लिहायच्या आणि ती तांदळाच्या डब्यामागे ठेवायच्या. ठरलेल्या दिवशी त्यांनी ती डॉक्टरांपुढे ठेवली. काका शेजारीच बसलेले. ते म्हणाले, “ही आपली वही नाही.” पुढचं मला काकूंनी सांगितलं, पण सगळं सांगितलं नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली, वरचा आकडा उतरला. मात्र त्या दिवसापासून मशीन काकांच्या उशाशी गेलं. ते कधीही पट्टा बांधतात, रात्री दोनलासुद्धा. भाजीतलं मीठ स्वतः चाखून बघतात. काकू म्हणाल्या, “गोळी लागू पडली, पण माझ्या शब्दाला घरात किंमत उरली नाही. तुमच्या अभ्यासातून माझं नाव काढून टाका.” मी काढलं. हा प्रसंग सांगायची मुभा मात्र त्यांनीच दिली, “दुसरीवर पाळी नको,” म्हणाल्या. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

नोकरीत नवी असताना मी याला सरळ ‘रुग्णांचं असहकार्य’ म्हटलं असतं. तेव्हा मी एका प्रस्तावात लिहिलंही होतं की मशीननं आकडा ब्लूटूथवरून थेट डॉक्टरांकडे पाठवावा, मध्ये माणूसच नको. त्या काळी मला १९८४ चा न्यूयॉर्कमधला एक अभ्यास फार आवडायचा. मधुमेहाच्या रुग्णांना मेमरी चिप बसवलेले ग्लुकोमीटर दिले, चिपबद्दल त्यांना सांगितलं नाही आणि नंतर वह्या ताडून पाहिल्या. बऱ्याच वह्यांत आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी होते, काही तर कधी मोजलेच नव्हते. वर्गात मी हे ‘रुग्ण खोटं बोलतात’ याचा पुरावा म्हणून शिकवत असे. आता तोच अभ्यास वाचताना मला दिसतं की त्यात दोन्ही बाजूंनी काही ना काही लपवलेलं होतं. ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म स्ट्रॉस या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलं की घरी आजार सांभाळणं हे काम आहे, आणि ते घरच्या इतर कामांत आणि माणसाच्या आयुष्याच्या घडीत मिसळलेलं असतं. काकू आकडा बदलत होत्या तेव्हा त्या काकांची झोप, मुलाची काळजी आणि स्वतःची पत हे सगळं एकाच वेळी सांभाळत होत्या. पण ती जुनी मी अजून गप्प बसत नाही. ती म्हणते, “ब्लूटूथ असतं तर गोळी कितीतरी आधी वाढली असती.” तिला खोडून काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. डॉक्टरांना का सांगितलं नाही, हे सगळे विचारतात. काकांना का सांगितलं नाही, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. दंड त्यांचा, रक्त त्यांचं, संमतीपत्रावर सही त्यांचीही होती. मी त्यांच्यासमोर उभी राहून १३० ऐकलं आणि काही बोलले नाही. काकूंना चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून. हे कारण मला आजही खरं वाटतं, पुरेसं वाटत नाही.

सध्या एक नवा प्रस्ताव दिला आहे. घरच्या मशीनवर रोजचा आकडा दाखवायचाच नाही, फक्त आठवड्याची सरासरी दाखवायची. घरच्या बीपीचं निदान तसंही काही दिवसांच्या सरासरीवरच करतात, सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर जास्त धरतात. रोजचे आकडे दवाखान्यात जातील आणि फारच वर गेलं तर मशीन लगेच सांगेल. परीक्षकांनी आक्षेप घेतला आहे की रुग्णापासून त्याचाच आकडा लपवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. आक्षेप मला मान्य आहे. प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही.